गुरांच्या डॉक्टरांवरची मालिका: आधी नट निवडायचा की म्हैस?

हिरण्यकेशी (संकेश्वर)
नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत जेम्स हेरियटच्या पुस्तकांवरून झालेल्या ‘ऑल क्रिएचर्स ग्रेट अँड स्मॉल’ या मालिकेच्या दोन्ही आवृत्त्या मी लागोपाठ पाहिल्या. जुनी बीबीसीची, ती १९७८ ते १९९० या काळात मधे मोठे खंड घेत नव्वद भाग चालली. नवी चॅनल ५ ची. ती सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की १९३० च्या दशकाच्या अखेरीस यॉर्कशायरच्या डोंगराळ खेड्यांत एक नवखा गुरांचा डॉक्टर येतो, विक्षिप्त मालकाच्या हाताखाली राहतो आणि रात्री-अपरात्री गोठे हिंडतो.

धागा काढण्याचे कारण घरचेच आहे. माझा पुतण्या आणि त्याचे बेळगावातले चार मित्र आपल्या भागातल्या अशाच एका डॉक्टरवर छोट्या भागांची मालिका करणार आहेत. नट ठरला, कॅमेरा ठरला, शीर्षकगीताची चालसुद्धा ठरली. गोठा कोणाचा आणि जनावर कोणते, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही. जुन्या मालिकेत नटांनी खऱ्या गाईंच्या पोटात हात घातले होते, तर नव्या मालिकेत अशा प्रसंगांसाठी गाईचा मागचा भाग कृत्रिम बनवून घेतला गेला. गाय खोटी आहे हे मला पाहताना कळले नाही, पण नटाच्या खांद्याकडे पाहून काही ठिकाणी शंका आली. म्हणून जाणकारांना विचारतो: अशा मालिकेत आधी काय ठरवावे, आणि खरे जनावर कितपत वापरावे?

कुंदाप्रेमी
आधी मानधन ठरवावे. नट उधारीवर येतो, म्हैस पेंड पाहिल्याशिवाय जागची हलत नाही.

तिसरी_घंटा (टिळकवाडी)
मी हौशी रंगभूमीवर तीस वर्षे काढली, म्हणून पात्रनिवडीवरच बोलतो. जुन्या मालिकेचे निर्माते बिल सेलर्स यांनी हेरियटच्या भूमिकेसाठी ख्रिस्टोफर टिमथी हा नट घेतला, जो तेव्हा घराघरांत माहीत असलेला चेहरा नव्हता. मालक सिगफ्रीडच्या भूमिकेला मात्र रॉबर्ट हार्डी हा मुरलेला नट होता. नव्या मालिकेतही हाच हिशेब दिसतो. निकोलस राल्फचे ते पडद्यावरचे पहिलेच काम होते आणि त्याच्यासमोर सॅम्युअल वेस्ट हा अनुभवी नट उभा केला. नवखा डॉक्टर नवख्या नटाने आणि मुरलेला मालक मुरलेल्या नटाने करावा, असा हा सरळ हिशेब आहे, आणि तो दोन्ही वेळा बरोबर आला.

वयाची गंमतही सांगतो. सिगफ्रीड आणि ट्रिस्टन हे सख्खे भाऊ. जुन्या मालिकेत रॉबर्ट हार्डीचा जन्म १९२५ चा आणि ट्रिस्टन झालेल्या पीटर डेव्हिसनचा १९५१ चा, म्हणजे भावाभावांत सव्वीस वर्षांचे अंतर. ज्या खऱ्या सिंक्लेअर बंधूंवरून ही पात्रे बेतली, त्यांच्यात जेमतेम चार वर्षांचे अंतर होते. तरीही प्रेक्षकाने एका शब्दाने तक्रार केली नाही, कारण थोरला धाकट्यावर ओरडतो कसा आणि धाकटा ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो कसा, ते पक्के जमले होते. तात्पर्य, तुमच्या पुतण्याने नट आधी ठरवला यात काही चूक नाही. नात्यांची घडी बसली की बाकीचे निभावते.

निपाणीकर
तिसरी_घंटा यांच्याशी अर्धा सहमत आहे. माझ्या मते आधी बोली ठरवावी. ज्या आल्फ वाइट यांनी हेरियट या नावाने पुस्तके लिहिली, ते ग्लासगोत वाढले, तिथल्याच पशुवैद्यक महाविद्यालयातून १९३९ साली बाहेर पडले आणि १९४० मध्ये यॉर्कशायरमधल्या थर्स्क गावी आले. म्हणजे बाहेरचा माणूस. जुन्या मालिकेतला टिमथी वेल्समध्ये जन्मलेला, आणि त्याच्या तोंडी स्कॉटिश वळण नव्हते. नव्या मालिकेने स्कॉटिश नटच घेतला, त्यामुळे तो तोंड उघडतो तेव्हाच शेतकऱ्याला कळते की हा आपल्यातला नाही. निम्मा संघर्ष तिथेच उभा राहतो, त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागत नाही.

आपल्याकडे तर ही सोय आयतीच आहे. समजा बीदरच्या विद्यापीठातून शिकलेला कन्नडभाषक मुलगा खानापूर तालुक्यात नेमणुकीवर आला. दवाखान्याचे रजिस्टर कन्नडमध्ये, शेतकरी मराठीत सांगणार, ‘पोटफुगी’ म्हणजे काय ते कंपाउंडर त्याला समजावणार, आणि जनावराला हाक मात्र तिसऱ्याच भाषेत, म्हणजे जिभेच्या टाळीने आणि ‘हॅ हॅ’ने. ज्या नटाला या तिन्ही भाषा येतात तो शोधा. पुण्याहून आणलेला नट ‘बसा की’ म्हणताना ‘की’वर असा जोर देतो, की समोरच्याला तो प्रश्नच वाटतो.

कुंदाप्रेमी
चौथी भाषा राहिली. रस्ता अडवून बसलेल्या म्हशीशी एसटीचा चालक जी बोलतो, ती.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त)
हेब्बाळला शिकून मी बत्तीस वर्षे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली. त्यांतली बरीचशी हुक्केरी आणि चिकोडी तालुक्यांत. हिरण्यकेशी यांना नटाच्या खांद्याबद्दल जी शंका आली ती अगदी योग्य जागी आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अडलेल्या गाईत हात घालणाऱ्या डॉक्टरचे काम बाहेरून पाहिले तर फार थोडे दिसते. वासरू पायाळू असेल किंवा त्याची मान मागे वळलेली असेल, तर त्याला आधी आत ढकलावे लागते, मग पाय किंवा तोंड सरळ करून घ्यावे लागते, आणि मगच ओढता येते. हे ढकलणे दोन कळांच्या मधल्या अवधीत करायचे असते. कळ आली की गर्भाशय असा आवळतो, की हात हाडाशी दाबला जातो आणि काही वेळाने बोटांना स्पर्शच कळेनासा होतो. त्या वेळी डॉक्टर काहीही करत नाही. तो थांबतो, गाल गाईच्या पुठ्ठ्याला टेकतो, डोळे बहुधा मिटलेले असतात, कारण पाहण्यासारखे काही नसते. जे पाहायचे ते बोटांनी. मग ओढायची वेळ येते तेव्हा उलट, कळेच्या सोबत ओढायचे, गाय जोर करील तेव्हाच आपण जोर करायचा.

नट काय करतो? तो सतत ओढतो. चेहरा लाल, दात आवळलेले, खांदा एका लयीत मागेपुढे. कळ नावाची गोष्ट त्याच्या अभिनयात नसते. गाय कृत्रिम असेल तर ती बिचारी कळही देत नाही, त्यामुळे नटाला थांबवणारे कोणीच उरत नाही. नव्या मालिकेने म्हणूनच अँडी बॅरेट हे प्रत्यक्ष व्यवसायातले पशुवैद्य चित्रीकरणाच्या जागी सल्लागार म्हणून ठेवले. माझे उत्तर असे: नटाच्याही आधी आणि म्हशीच्याही आधी, कळ कधी आली हे कॅमेऱ्यामागून सांगणारा माणूस ठरवा.

नावाबद्दल एक सावधगिरीची सूचना. वाइट यांनी टोपणनाव घेतले ते हौसेने घेतलेले नव्हते. पशुवैद्याने स्वतःच्या नावाने असे लिहिणे ही व्यवसायाची जाहिरात ठरली असती, म्हणून बर्मिंगहॅम सिटी संघाचा गोलरक्षक जिम हेरियट याचे आडनाव त्यांनी उचलले. तुमच्या पुतण्यानेही डॉक्टरचे नाव असे दुरून आणावे. आपल्या तालुक्यात कोणतेही ओळखीचे आडनाव दिले, तरी दुसऱ्या दिवशी तीन खरे डॉक्टर भांडायला येतील, आणि त्यांतला एक मी असेन.

कंटिन्युटी_दादा (कागल)
डॉक्टरसाहेबांचे लिहिणे वाचून आनंद झाला. मी कोल्हापूर भागात दैनंदिन मालिकांच्या निर्मितीत काम करतो आणि ज्या गोष्टींवर शिव्या खातो त्या इथे नोंदवून ठेवतो.

पहिली गोष्ट कासेची. सकाळी धार काढण्याआधी घेतलेल्या दृश्यात कास भरलेली असते. जेवणानंतर त्याच प्रसंगाचा उरलेला भाग घेतला तर ती रिकामी असते. पडद्यावर मधे चार सेकंदही गेलेले नसतात, आणि गाय आटलेली दिसते. शहरी संकलकाला हे कळत नाही. गावातली प्रत्येक बाई ते पाहून हसते. दुसरी गोष्ट ठिपक्यांची. काळी-पांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय चित्रीकरणासाठी महाकठीण, कारण तिच्या अंगावरचा नकाशा दुसऱ्या कोणत्याही गाईशी जुळत नाही. ती आजारी पडली की तुमचा प्रसंगही आजारी पडतो. खिलार पांढरी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी उभी करता येते, शिंगे तेवढी जुळवून घ्यावी लागतात. म्हैस सर्वांत सोयीची. तिसरी गोष्ट वासराची. आठ दिवसांत ते इतके बदलते, की प्रसंग पुन्हा घ्यायचा झाला तर वासरू नवे आणावे लागते.

आणि काळ सांभाळा. हेरियटच्या काळात त्या डोंगरांत शॉर्टहॉर्न गाई असत, आज तिकडेही काळ्या-पांढऱ्या गाई सर्रास दिसतात. तुमच्या पुतण्याची कथा १९६० ची असेल आणि गोठ्यात एचएफ उभी असेल, तर पहिल्याच दृश्यात जाणता प्रेक्षक गेला.

दोन_म्हशी (चिकोडी तालुका)
इतका वेळ सगळे जण जनावर कसे वापरावे यावर बोलत आहेत, म्हणून जनावर ज्याचे असते त्याच्या वतीने मी लिहिते. माझ्याकडे दोन म्हशी आहेत आणि घराचा बाजारहाट त्यांच्या दुधावर चालतो.

चार वर्षांपूर्वी एका जाहिरातीच्या मंडळींनी आमच्या गोठ्यात अर्धा दिवस चित्रण केले. त्यांनी दिवे लावले, एक पंखा लावला, आणि ज्या मुलीने धार काढण्याचा अभिनय करायचा होता तिने अंगावर इतके सेंट मारले होते, की मलाच शिंका आल्या. थोरल्या म्हशीने त्या संध्याकाळी पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही चोरला. रोजचे पाच लिटर देणारी म्हैस दीड लिटरवर आली आणि पूर्ववत व्हायला तिने चार दिवस घेतले. ठरलेले पैसे मिळाले, पण बुडालेल्या दुधाचा हिशेब मांडला तेव्हा ‘हे बजेटमध्ये नाही, मावशी’ असे उत्तर मिळाले.

आणि खरा हात घालण्याबद्दल. ज्या म्हशीला काही झालेले नाही, तिच्या पोटात केवळ फोटो यावा म्हणून हात का घालायचा? डॉक्टर घालतो तेव्हाही ती पाय झाडते, पण ते तिच्या भल्यासाठी असते. जुन्या मालिकेचे कौतुक सगळे करतात, त्या गाईंना कोणी विचारले होते का? मला कृत्रिम गाय एकदम मान्य आहे.

तिसरी_घंटा
दोन_म्हशी ताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, तरी एक शंका मांडतो. जुन्या मालिकेत टिमथीचा हात खऱ्या गाईत जातो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येते, ते कोणत्याही तालमीने येत नाही. त्यात थोडी किळस आहे, थोडे आश्चर्य आहे, आणि आतल्या उष्णतेचा धक्का आहे. कृत्रिम गाईने आपण अभिनयातला हाच अपघात घालवून बसतो.

दोन_म्हशी
अपघात हवा असेल तर नटाला शेणात पाय घसरू द्या. तो अपघात म्हशीला चालतो.

गुरांचा_डॉक्टर
तिसरी_घंटा यांना उत्तर. उष्णतेचा धक्का पहिल्या दिवशी बसतो, बत्तीसाव्या वर्षी बसत नाही. नवखा डॉक्टर दाखवायचा असेल तरी एक फरक ध्यानात ठेवावा. नव्या डॉक्टरचे अवघडणे वेगळे आणि नटाचे अवघडणे वेगळे. नव्या डॉक्टरने पुस्तकात सगळे वाचलेले असते, हात कुठे जायला हवा हे त्याला ठाऊक असते, फक्त तो तिथे पोचत नाही. नटाला तो कुठे जायला हवा हेच ठाऊक नसते. पहिल्याला पाहून शेतकरी गालात हसतो, दुसऱ्याला पाहून दावे सोडून गुरे बाहेर काढतो.

कलम_बावीस
कायद्याची बाजू थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ चे आहेत. चित्रपटासाठी वापरलेला प्राणीही त्या नियमांत येतो आणि परवानगी भारतीय पशु कल्याण मंडळाकडून घ्यावी लागते. हे काम चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी आठवून होत नाही. शिवाय २०११ च्या अधिसूचनेने, ज्यांना खेळ करणारा प्राणी म्हणून शिकवता किंवा दाखवता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत वाघ-सिंह-अस्वल-माकडांसोबत बैलही गेला. त्यामुळे पुतण्याच्या कथेत बिथरलेल्या बैलाचा थरारक प्रसंग असेल, तर तो लिहितानाच वकिलाला दाखवावा. ‘आमची तर छोटी मालिका आहे’ हा युक्तिवाद मी अशिलांकडून ऐकतो, त्यांनी तो न्यायालयात ऐकवू नये.

चिऱ्याची_भिंत (जांबोटी)
जागेबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून मी बोलतो. हेरियटचा खरा दवाखाना थर्स्कला होता, पण जुन्या मालिकेतले डॅरोबी हे कथेतले गाव ॲस्क्रिगला उभे राहिले आणि नव्यातले ग्रासिंग्टनला. खरी जागा आणि पडद्यावरची जागा एक असण्याची गरज नसते. तेव्हा हुक्केरीची कथा आमच्याकडे जांबोटीला चित्रित करायला हरकत नाही. कणकुंबीच्या बाजूला मलप्रभा उगम पावते तिथले धुके, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती, उतारावरचे एकटे घर, हे सगळे फुकट मिळेल. फक्त जून ते सप्टेंबर येऊ नका. आमच्याकडे पाऊस इतका असतो, की कॅमेऱ्यालाच न्युमोनिया होईल.

निपाणीकर
जुन्या मालिकेत बाहेरची दृश्ये फिल्मवर आणि घरातली दृश्ये स्टुडिओत व्हिडिओ टेपवर घेतलेली आहेत. म्हणून दार उघडून डॉक्टर आत आला की रंग, प्रकाश, सगळेच बदलते. बाहेर डोंगरावर मऊ उजेड आणि आत एकदम नाटकाचा रंगमंच. तेव्हा ती खर्चाची व्यवस्था होती, आज दोष वाटतो. चिऱ्याची_भिंत यांच्याकडे बाहेरचे आणि टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये आतले चित्रण करणार असाल, तर खिडकीतून येणारा उजेड तरी जुळवून घ्या.

कंटिन्युटी_दादा
आणि माणसांचाही भरवसा नसतो, हे लिहायचे राहिले. पहिल्या मोसमाच्या कामाच्या काळात टिमथीचा अपघातात पाय मोडला आणि वेळापत्रकाची उलथापालथ झाली. पीटर डेव्हिसन पुढे दुसऱ्या कामांत गुंतला, तेव्हा ट्रिस्टनला गावाबाहेर पाठवण्याची निमित्ते शोधावी लागली. हेरियटची बायको हेलन हिची भूमिका कॅरल ड्रिंकवॉटरकडून लिंडा बेलिंगहॅमकडे गेली. नव्या मालिकेत मिसेस पम्फ्री ही श्रीमंत बाई डायना रिग यांनी केली होती. पहिला मोसम दाखवला जात असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये, त्या वारल्या आणि पुढे पॅट्रिशिया हॉज आल्या. मिसेस पम्फ्रीचा लाडका पेकिनीज कुत्रा मात्र त्या वेळी तोच राहिला. त्याचे खरे नाव डेरेक. प्रेक्षक माणूस बदललेला चालवून घेतात. कुत्राही तेव्हाच बदलला असता तर पत्रांचा पाऊस पडला असता, असे आपले माझे मत.

कुंदाप्रेमी
म्हणजे दोन_म्हशी ताईंच्या थोरल्या म्हशीशी तीन मोसमांचा करार आधी करावा, आणि नटाशी महिन्याच्या बोलीवर.

तिसरी_घंटा
अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी संगीत नाटक उभे केले तेव्हा म्हशीची अट कोणी घातली नव्हती, एवढे नम्रपणे नोंदवतो. मात्र कळेबद्दल डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला परिच्छेद मी आमच्या तालमीत मोठ्याने वाचून दाखवला. थांबण्याचा अभिनय कोणालाच आला नाही. मलाही नाही.

हिरण्यकेशी
सर्वांचे आभार. हा धागा मी पुतण्याला वाचायला दिला, आणि गेल्या रविवारी ती पाच मुले आमच्या शेजारच्या गोठ्यात जाऊन आली. चित्रण केले नाही. नटाने फक्त गाईजवळ उभे राहून मोरकी धरायची, एवढेच ठरले होते. त्याने मोरकी टोकाला धरली, हात पूर्ण लांब करून, जसा आपण दुसऱ्याचा ओला टॉवेल धरतो तसा. गाय एक पाऊल पुढे आली, तो दोन पावले मागे गेला, आणि असे करत करत दोघेही उकिरड्यापर्यंत पोचले. शेजाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने मधे जाऊन मोरकी गाईच्या जबड्याजवळ धरली, तेव्हा गाय थांबली.

नट बदलायचा नाही, असे ठरले आहे. तो मुलगा चांगला आहे, नात्यांचे प्रसंग तो उत्तम करतो, आणि पहिले तीन भाग डॉक्टर नवखाच आहे. बैलाचा प्रसंग काढून टाकला. प्रसूतीच्या प्रसंगात गाय अजिबात न दाखवता फक्त डॉक्टरचा चेहरा आणि कंदील दाखवायचा विचार आहे. गुरांचा_डॉक्टर, आपण कॅमेऱ्यामागे बसून कळ सांगायला याल का? आणि दोन_म्हशी ताई, नटाला महिनाभर सवयीसाठी एखाद्या गोठ्यात पाठवायचे आहे. बुडालेल्या दुधाचे पैसे बजेटमध्ये धरले आहेत.

गुरांचा_डॉक्टर
येईन. कळ आली की मी खोकेन. त्या वेळी त्याने हलायचे नाही.

दोन_म्हशी
पाठवा. पहाटे साडेचारला दार वाजवायला सांगा, धार पाचला असते. पहिले आठ दिवस त्याने शेण काढायचे आणि वैरण टाकायची, म्हशीला हात लावायचा नाही. वासाची सवय तिला होऊ दे, मग पाहू. सेंट लावून आला तर दारातूनच परत पाठवीन.